मोंतोनेचं ऊन

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, पेरुजियाच्या उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यावर नजर ठेवून मोंतोने नावाचं गाव टेकडीवर बसलं आहे. वस्ती जेमतेम दीड हजारांची. तटबंदी, दगडी चढण, एकमेकांना खेटून उभी घरं. त्या मुलखात अशी गावं पैशाला पासरी. पण या गावाचा शिपाईगिरीशी फार जुना संबंध आहे.

गावाचा मोठा माणूस म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. जन्म १३६८ चा, धंदा लढाईचा. ज्याची थैली जड त्याच्यासाठी लढायचं, जमलंच तर स्वतःसाठी राज्य कमवायचं. पेरुजिया त्याने असंच मिळवलं, १४१६ च्या जुलैत. सांत एजिदिओची ती लढाई भर उन्हात सात तास चालली. ब्राच्चो आपली माणसं लहान लहान तुकड्यांनी पुढे काढी. दमलेली तुकडी मागे येई, ताजी पुढे जाई. आणि मागे त्याने पाण्याची पिंपं भरून ठेवली होती! प्रतिपक्षाचे लोक चिलखतात भाजून निघाले. मला त्याच्या शौर्यापेक्षा ही पिंपंच जास्त पटतात.

१४२४ साली लाक्विलाच्या लढाईत तो पडला. पोपशी उघड वैर आणि त्यात धर्मबहिष्कृत, त्यामुळे रोममध्ये अपवित्र जमिनीत पुरला गेला. गंमत पुढेच आहे. त्याचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या चाकरीत होता. त्याच चाकरीच्या पुण्याईवर येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानलेला एक काटा मोंतोनेला आला. बापाला मेला तेव्हा पवित्र माती मिळाली नाही, मुलाने पवित्र काटा आणला. ऑगस्टमध्ये त्याचा उत्सव असतो. तीन वेशींचे तीन मोहल्ले जुन्या पोशाखात चुरशीने उतरतात.

आता दुसरा जुलै. १० जुलै १९४४. माघार घेणारे जर्मन या खोऱ्यात चिवटपणे लढत होते. समोर मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. मशीनगनच्या जवळून आलेल्या माऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे पडले, एकटे तेच उरले. त्यांनी थेट मशीनगनवर धाव घेतली. हातबॉम्बने गन आणि ती चालवणारा गार केला, आणखी एकाला गोळी घातली. काडतुसांची पेटी बदलायला उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. लपलेल्या नेमबाजांनी त्यांना तिथेच टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. थडगं ठाऊक नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

पगार इंग्रजांच्या राजाचा, शत्रू जर्मन, भूमी इटालियन. ब्राच्चोला हा व्यवहार चटकन कळला असता. पण पगारासाठी कोणी तशी धाव घेत नाही.

मोंतोनेने २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ छायाघडी उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली, असा तिच्यावरच्या लॅटिन वचनाचा आशय. भलं केलं. त्यांचा पुतळा तर रायगडातल्या माणगावात आहेच. घाडगे त्याच तालुक्यातले. छायाघडी मात्र तिथे कामाची नाही: मोंतोनेत १० जुलैला ती वेळ दाखवत असेल, पण रायगडात तेव्हा भाताची लावणी चालू असते आणि आठ-आठ दिवस सूर्याचा पत्ता नसतो.