खोलीचा पासंग

न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा वजनकाटा आहे आणि काट्याच्या कचेरीवरच आमचे बिऱ्हाड आहे. १९८९ साली बंदर सुरू झाले. त्यानंतर काही वर्षांनी अण्णांनी सांगलीच्या हळदपेठेतील अडत थोरल्या काकांच्या हवाली केली आणि आईला व मला घेऊन ते इकडे आले. तेव्हापासून दिवस असो वा रात्र, कंटेनर लादलेले ट्रेलर आमच्या खिडकीखालून जात असतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला मात्र सांगलीला गेलो की तिथल्या शांततेमुळे जाग येते.

याच घरातील एका खोलीत मी गेल्या दोन वर्षांत आईचा आवाज एकदा बिघडवला आणि एकदा दुरुस्त केला. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

आईला स्तवने, आरत्या आणि जुनी पदे मुखोद्गत होती. त्यांतील बहुतेकांचे शब्द छापील पुस्तकांत सापडतात. चाली मात्र वारणाकाठच्या आजोळी, जात्यावर बसलेल्या बायकांकडून तिच्या कानी आल्या होत्या. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. “या चाली माझ्याबरोबर जातील बघ,” असे ती हसत म्हणे आणि आम्हीही हसत असू. तिचे दुखणे कळले तेव्हा ते हसणे थांबले. त्या हिवाळ्यात मी एक बऱ्यापैकी मायक्रोफोन विकत आणला आणि रविवारच्या दुपारी, रस्ता जरा निवला की, तिच्याकडून एकेक करून बारा स्तवने गाऊन घेतली. पेटीवर माझी पत्नी आणि तबल्यावर आमच्या ओळखीचा एक तरुण होता. आईला दम लागे. मग थोडे थांबून, कोमट पाणी पिऊन ती पुन्हा आरंभ करी. चैत्रात ती गेली.

गाणे मुद्रित झाले म्हणजे काम संपले असे नाही. गळा, पेटी आणि तबला यांचे आवाज आधी एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. त्याला मिक्सिंग म्हणतात. त्यानंतरचा शेवटचा हात म्हणजे मास्टरिंग. बाराही गीते सारख्याच भरीव आवाजात वाजतात ना, खर्ज जड होत नाही ना, टीप कानाला बोचत नाही ना, मोबाइलवर, मोटारीत आणि मंदिराच्या सभामंडपात ती सारखीच नीट ऐकू येतील ना, हे तपासायचे, जरुरीपुरते कमीजास्त करायचे आणि मग शिक्कामोर्तब करायचे. आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर माल भरून झालेला असतो. आता वजन करून सील लावायचे असते.

मुंबईत या कामासाठी खास खोल्या बांधलेल्या स्टुडिओंना तोटा नाही. परंतु आईचा आवाज परक्या हाती देणे मला जड वाटले. संगणकावरील हे काम मी हौसेने शिकलो होतो. तेव्हा तिच्याच खोलीत, तिच्याच पलंगावर, पाठ भिंतीला टेकवून मी रोज रात्री बसू लागलो. समोरच्या भिंतीशी एका टेबलावर दोन लहान स्पीकर ठेवले होते. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहाला थोडी कमी उंच. भिंती गुळगुळीत, फरशी उघडी, एक लोखंडी कपाट. आवाजाच्या दृष्टीने तिच्यावर कसलाही संस्कार झालेला नव्हता.

आईचा आवाज मला त्या खोलीत जडसर, घुमल्यासारखा वाटे. डग्गा तर सगळ्यावर स्वार होई. मी खालचे स्वर हळूहळू उतरवत गेलो. महिन्याभराने आवाज स्वच्छ, हलका, अगदी हवा तसा वाटू लागला. तिच्या पहिल्या पुण्यतिथीला ती बारा स्तवने मी सर्व नातलगांना पाठवली. सांगलीच्या मंदिरात विधानानंतर ती लावली गेली.

मी तिथेच बसलो होतो. पहिल्याच ओळीला माझ्या पोटात गोळा आला. डग्गा नाहीसा झाला होता आणि आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता. कोणी काही बोलले नाही. सगळ्यांनी कौतुकच केले. परतीच्या वाटेवर, पनवेल जवळ आल्यावर, अण्णा एवढेच म्हणाले, “तुझ्या आईचा आवाज इतका किरटा नव्हता.”

त्यानंतर कितीतरी दिवस मी ती खोली उघडली नाही. अण्णांनीही तो विषय काढला नाही. आम्ही दोघे काट्यावर समोरासमोर बसत होतो, गाड्यांची वजने घेत होतो, पावत्या फाडत होतो. पण ज्या गोष्टीबद्दल बोलायला हवे होते तिच्याबद्दल बोलत नव्हतो.

काट्याची वार्षिक पडताळणी आली तेव्हा ही कोंडी फुटली. वैधमापनशास्त्र विभागाकडून काट्याची दरवर्षी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावे लागते. १ जुलै २०१६ पासून तर कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. तेव्हापासून आमच्या पावतीची जोखीम वाढली आहे. पडताळणीत केवळ मध्यावर वजन ठेवून भागत नाही. मानक वजने काट्याच्या एकेका टोकाला ठेवून पाहतात. एखाद्या कोपऱ्याचा लोडसेल बिघडला असेल, तर तोच माल एका जागी भारी भरतो आणि दोन हात सरकवला की हलका. त्या संध्याकाळी अण्णांनी विचारले, “तुझ्या त्या खोलीचे कोपरे तू तपासलेस का?”

मी तपासले नव्हते. कारण खोलीचेही वजन असते, हे मला वाचून ठाऊक असले तरी कधी मनावर घेतलेच नव्हते.

त्यामागचे शास्त्र असे. ध्वनी हवेतून एका सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर अंतर असेल, तर सेकंदाला ५७ कंपनांच्या आसपासचा स्वर त्या भिंतींमध्ये अडकतो. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर स्वार होऊन एका जागी आवाज फुगतो आणि दुसऱ्या जागी जवळजवळ शून्य होतो. त्या संख्येची दुप्पट, तिप्पट करत गेले की ११३, १७० अशा स्वरांचेही तेच होते. खोली लांब, रुंद, उंच तिन्ही बाजूंनी सारखी असेल, तर हे सगळे फुगवटे नेमके एकाच ठिकाणी येऊन पडतात. आवाजासाठी घनाकार खोलीइतकी वाईट खोली नाही, आणि आमची खोली तशीच आहे. भिंतीलगत तर यांपैकी प्रत्येक फुगवटा पूर्ण भरात असतो. मी पाठ टेकवून बसत होतो ती हीच जागा. आईच्या आवाजाचा मूळ स्वर पुष्कळ वेळा १७० च्या आसपास येई. खोली तिथे भर घालत होती. मी ती भर आईच्या खात्यातून वजा केली.

त्या रात्री अण्णा खडूचा तुकडा घेऊन खोलीत आले. मी संगणकावरून एकच सूर लावला आणि तो अगदी सावकाश चढवत नेला. प्रत्येक टप्प्यावर अण्णा काट्याच्या प्लॅटफॉर्मवर फिरावे तसे खोलीभर फिरले. जिथे आवाज फुगे तिथे त्यांनी फरशीवर ‘ज’ लिहिले, जिथे बुडे तिथे ‘ना’: जमा आणि नावे. १७० च्या सुरावर पलंगाशी मोठा ‘ज’ पडला. तिथून पावणेदोन फूट पुढे सरकले की सूर जणू जमिनीत गेला. अण्णा मागे-पुढे होत तीन-चारदा खात्री करून घेत राहिले. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलासारखे आश्चर्य होते. फरशी खडूने भरल्यावर ते म्हणाले, “ही तर पासंग असलेली तराजू आहे. सांगलीला आजोबांच्या हाताखाली मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की सकाळी रिकामी पारडी आधी बघायची.”

पासंग म्हणजे काय, हे आपल्या पिढ्यांना वेगळे सांगायला नको. रिकाम्या तराजूचे एक पारडे झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला जो खडा बांधतात तो पासंग. कमीजास्त वजनमापे ठेवणे हा अचौर्य अणुव्रताचा एक अतिचार म्हणून शास्त्रात सांगितला आहे. मी जाणूनबुजून काही केले नव्हते. परंतु पारडी न बघता माल तोलला होता.

मग उपाय सुरू झाले. प्रथम आम्ही घरातल्या सगळ्या गाद्या आणि आईने शिवलेल्या वाकळा भिंतींशी उभ्या केल्या. त्याने टाळीचा खणखणाट आणि वरच्या स्वरांचा चकचकाट कमी झाला. खर्ज मात्र जसाच्या तसा राहिला. ५७ कंपनांच्या लाटेची लांबी सहा मीटर असते. तिला अडवायचे तर दीड मीटरपर्यंत जाडीचा थर लागेल, मग माणसाने बसायचे कुठे? या गाद्यांवरून मला हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सबाइन यांची गोष्ट आठवली. १८९५ साली विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द घुमून कळेनासे होत. ते सुधारण्याचे काम या तरुणाकडे आले. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तो रात्री वाहून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्या गाद्यांवर घातला गेला. पेढीच्या गादीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटावे!

खोलीचा दोष पुरता जाणार नाही हे कळल्यावर तो ओळखून काम करणे एवढेच उरले. पलंग हलवला. खडूच्या खुणा पाहून, मध्याच्या थोडी पुढे, जिथे ‘ज’ आणि ‘ना’ दोन्ही सौम्य होते, तिथे खुर्ची ठेवली. अनेक वर्षे ऐकलेले, मनात पक्के बसलेले एक जुने ध्वनिमुद्रण मानक वजन म्हणून घेतले आणि दर अर्ध्या तासाने त्याच्याशी ताडून पाहू लागलो. ताडताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवणे आवश्यक असते, कारण जे मोठ्याने वाजते ते कानाला चांगले वाटते. शिवाय आवाज लहान केला की कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले आहे. म्हणून स्पीकरचा आवाज एकदा ठरवून त्या बटणावर चिकटपट्टी लावली. हेडफोनवर खोली मध्ये येत नाही, तेव्हा शंका आली की तो लावून पाहिला. पण त्याचाही स्वतःचा पासंग असतो, म्हणून त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल दिला नाही. अखेरीस मोटारीत, मोबाइलवर आणि कचेरीतल्या जुन्या रेडिओसंचावर ऐकून पाहिले. प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे ऐकू आले. सगळीकडे जे टिकले ते खरे मानले.

पहिल्या वेळी काढलेला खर्ज मी जवळजवळ सगळा परत दिला. एका स्तवनाखाली ट्रेलरची घरघर आहे. ती छाटली असती तर डग्ग्याचा गाभाही गेला असता, म्हणून राहू दिली.

दुसऱ्या पुण्यतिथीपूर्वी एका रात्री काटा बंद झाल्यावर मी ती बारा स्तवने अण्णांना कचेरीत ऐकवली. डोळे मिटून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसले. संपल्यावर बराच वेळ गेला. मग त्यांनी विचारले, “पाचव्यात ती एक ओळ विसरते आणि पुन्हा मागून घेते. ते काढले नाहीस ना?”

“नाही अण्णा. तसेच ठेवले आहे.”

“बरे केलेस,” ते म्हणाले आणि दिवा मालवायला उठले.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशा एखाद्या आई, आजी, आत्या किंवा काकी असतील, ज्यांच्या कंठातील चाली इतरत्र कुठेही नाहीत. उत्तम खोली मिळेल तेव्हा मुद्रण करू, असे म्हणून थांबू नका. पंखा बंद करा, एक जाड वाकळ मागे टांगा, भिंतीपासून जरा दूर बसवा आणि त्यांना गाऊ द्या. मूळ मुद्रण कधीही पुसू नका. माझी चूक दुरुस्त होऊ शकली ती केवळ आईच्या आवाजाची मूळ प्रत मी जपून ठेवली होती म्हणून. तोललेल्या मालाची पावती चुकली तर दुसरी फाडता येते. मात्र त्यासाठी माल जागेवर असावा लागतो.

आमच्या त्या खोलीत आता पलंग परत भिंतीशी लावला आहे. फरशीवरचा खडू मात्र अण्णांनी अजून पुसू दिलेला नाही.