बशीतला चहा

बशीत चहा ओतून तो फुरके मारीत पिणाऱ्या माणसाकडे पाहून शहरातील मंडळी नाक मुरडतात. कपाच्या कानात बोट अडकवावे, ओठांचा आवाज होऊ देऊ नये, हा त्यांचा शिष्टाचार. बशी केवळ सांडलेले थेंब झेलण्यापुरती! ओसरीवर बसलेल्या आजोबांना मात्र हा शिष्टाचार मुळीच मान्य नसतो. ते बशी दोन्ही हातांनी अलगद उचलतात, वरची वाफ हलकेच फुंकतात आणि आल्याच्या वासाचा तो गोड घोट डोळे मिटून घेतात. सकाळच्या थंडीत यासारखे सुख दुसरे कोणते?

शिवाय आजोबांची ही रीत शास्त्राच्याही कसोटीला उतरते. बशी उथळ व पसरट असते. तिच्यात चहाचा हवेशी अधिक संबंध येतो आणि तो लवकर निवतो. 65 अंश सेल्सिअसहून अधिक ऊन पेये नित्य प्यायल्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली जाहीर केले. दोष चहाचा नव्हे, उष्णतेचा आहे. तेव्हा बशीला हसणाऱ्यांनी जरा जपून हसावे!

खेड्यातील माणूस 'चा घेता का?' असे विचारतो, तेव्हाही शहरवासी त्याला अशुद्ध बोलणारा समजतो. परंतु चहा मूळचा चीन देशाचा, आणि तेथील शब्द 'चा' असाच आहे.

चहाच्या पानांत कॅफीन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे थकलेल्या माणसाला तरतरी येते. पाणी उकळल्यावाचून आपला चहा होत नाही. त्यामुळे पाण्यातील रोगजंतूही आपोआप मरतात. पण याच पानांतील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतात. म्हणून जेवणाबरोबर चहा घेऊ नये. रात्री उशिरा घेतलेला चहा झोप उडवितो. घरातील वडील माणसे मुलांच्या पेल्यात दूध अधिक व चहा नावापुरता घालतात, ते काही कंजूषपणाने नव्हे!

बशीचा आणखी एक गुण आहे. चहा एकच कप असावा आणि अवचित पाहुणा यावा. अशा वेळी एकाने कप घ्यावा, दुसऱ्याने बशी. अर्ध्या चहात दोघांचे भागते आणि गप्पा मात्र पुऱ्या रंगतात.

असा वाटून घेतलेला चहा एके काळी सोपा नव्हता. कोणी कोणाच्या हातचा चहा प्यावा, यावरून मोठमोठी वादळे उठत. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे मिशनऱ्यांनी चहा व बिस्किटे ठेवली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही त्या मंडळींत होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापविली आणि शहरात एकच गहजब झाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. एका कपासाठी विद्वानांना प्रायश्चित्त सांगण्यात आले!

कोल्हापुरात तर याहून मोठी गोष्ट घडली. तेथे राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले. कांबळे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले. दुकान नीटनेटके होते, पण सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी भर रस्त्यात त्या दुकानापुढे थांबवू लागले. ते गंगारामांना चहा आणावयास सांगत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही देववीत. खुद्द राजाच्या हाती कप पाहिल्यावर 'नको' म्हणण्याची छाती कोणाची होणार?