बोलोन्याचे लाटणे

उत्तर इटलीतील बोलोन्या नगरीस तेथील लोक तीन विशेषणे लावतात: विदुषी, तांबडी आणि पुष्ट. विदुषी, कारण तेथील विद्यापीठाची स्थापना १०८८ सालची मानतात. तांबडी, ती विटांच्या भिंतींमुळे व कौलांमुळे. आणि पुष्ट, ती तेथील अन्नामुळे. विद्यापीठांची आणि मनोऱ्यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्हांस त्या गावी ओढ लागली ती लाटण्याची.

हे लाटणे आपल्या पोळीचे नव्हे. ते चांगले दोन हात लांब व सरळसोट असते. जुन्या बाजाराच्या अरुंद गल्ल्यांतून ताज्या पास्त्याची दुकाने आहेत. पास्ता म्हणजे गव्हाच्या पिठाचा पदार्थ. आपल्या शेवयांचा दूरचा भाऊबंदच म्हणा ना. काचेआड लाकडी फळ्यावर बाया पिवळीधमक पारी लाटीत असतात. प्रमाण अगदी सोपे: शंभर ग्रॅम मैद्यास एक अंडे, आणि पाण्याचा थेंबही नाही. गोळा दहा-पंधरा मिनिटे मळावा, अर्धा तास झाकून ठेवावा, मग पातळ लाटावा. पारी किंचित सुकली की तिची घडी घालून सुरीने पट्ट्या कापावयाच्या आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे शिजवावयाच्या. या पट्ट्यांस ‘ताल्यातेल्ले’ म्हणतात. १९७२ साली गावच्या व्यापारमंडळाकडे सोन्याची एक पट्टीच नमुना म्हणून ठेवण्यात आली. शिजल्यावर तिची रुंदी आठ मिलिमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग असावी, असे ठरले आहे!

या पट्ट्यांवर जी भाजी घालतात ती मांसाची. ते मांस गाईबैलांचे व डुकराचे असते, हे लपविण्यात अर्थ नाही, आणि आमच्या बहुतेक वाचकांच्या घरी ते चालणार नाही हेही आम्ही जाणतो. आम्हीही ती पाहिली, चाखली नाही. परंतु तिच्यातील काटकसर कोणत्याही गृहिणीने ऐकावी अशी आहे. १९८२ साली व्यापारमंडळाकडे नोंदविलेल्या कृतीत तीनशे ग्रॅम मांस आणि दीडशे ग्रॅम डुकराची खारवलेली चरबीदार पट्टी सांगितली आहे. त्यांत मांस सांगितले आहे ते छाती आणि पोट यांमधील पडद्याचे. हा भाग चिवट, म्हणून खाटकाकडे स्वस्त. कांदा, गाजर व सेलरी ही प्रत्येकी पन्नास ग्रॅम बारीक चिरून त्या चरबीत परतावयाची, मग मांस, थोडी द्राक्षाची दारू, थोडा टोमॅटो, आणि आंबटपणा मारावयास दूध. दोन तास मंद आचेवर ठेवले की चिवट मांस लोण्यासारखे होते. खरी युक्ती आचेत आहे: जे पैशाने मऊ मिळत नाही ते वेळाने मऊ करावयाचे. पेल्लेग्रीनो आर्तूसी या गृहस्थांनी १८९१ साली स्वखर्चाने छापलेल्या प्रसिद्ध पाकग्रंथात अशीच एक कृती आहे. पण तिच्यात वासराचे उंची मांस आहे आणि टोमॅटो नाही. ती सुखवस्तू घरची; आम्ही सांगतो ती सामान्य घरची.

ही सामान्य घरे कशी होती, ते बोलोन्याबाहेरील एका खेड्यात आम्हांस कळले. त्या प्रांतातील शेती फार काळ अर्धेलीने चाले. निम्मे पीक मालकाचे. शिवाय सणावारी कोंबडे व अंडीही त्यास पोचवावी लागत. भाऊ, भावजया, पुतणे असे एकत्र कुटुंब एका छपराखाली नांदे, आणि घरातील कारभार जिच्या हाती ती ‘रेज्दोरा’, म्हणजे राज्य चालविणारी. पिठाची पेटी व कोंबड्यांचे खुराडे तिच्या ताब्यात. नवे अर्धेलीचे करार १९६४ च्या कायद्याने बंद झाले, आणि ती कुटुंबेही पांगली.

ज्या वृद्ध बाईंनी आम्हांस हे सांगितले त्या अठरा माणसांच्या घरात सून म्हणून आल्या होत्या. रविवारी वीस अंड्यांची कणीक मळावी लागे; मांस मात्र किलोभरही नसे. पिठाने पोट भरावे आणि मांसाने केवळ चव द्यावी, हा हिशेब. कापताना उरलेल्या वेड्यावाकड्या तुकड्यांस ‘माल्तल्याती’ म्हणतात. ते दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या दाण्यांच्या सारात पडत. हे ऐकताच आम्हांस वरणफळांची आठवण झाली. दोन देशांतल्या गृहिणींनी एकमेकींस न विचारता एकच तोड काढावी, याचे नवल वाटते.

जाता जाता आम्ही म्हणालो, की असे घरचे अन्न फारच स्वस्त पडत असेल. बाईंनी आपले मनगट पुढे केले. ते वाकडे झाले होते. पीठ स्वस्त होते, अंडी घरची होती, लाकूड शेतातले होते, असे त्या म्हणाल्या. पण सासूबाईंच्या वहीत माझे हात कधीच जमेस धरले गेले नाहीत.

आपल्याकडेही घरच्या शेवया, पापड, पुरणपोळ्या यांची स्तुती करताना बाजारभावाशी तुलना होते आणि बचत किती झाली ते मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्या बचतीत कोणाच्या दुपारी गेल्या, हे क्वचितच कोणी विचारतो. घरचे करू नये असे आमचे म्हणणे नाही. बोलोन्याची ती पिवळी पारी पाहिल्यावर तसे म्हणवणारही नाही. इतकेच सुचवितो, की ज्या घरी अठरा तोंडे आहेत त्या घरी हातही छत्तीस आहेत. कणीक मळावयास तरुण मुलांचे बळकट दंड काही वाईट नाहीत, आणि पुरणयंत्र फिरविल्याने कोणत्याही पदवीधराची पदवी कमी होत नाही.