अंगठ्यावरचे कान

इटलीच्या बुटाला जिथे टाच आहे, तिच्या जरा वर बारी हे बंदर आहे. तिथल्या जुन्या गावातल्या आर्को बास्सो गल्लीत बायका दारातच फळी मांडून पास्ता वळीत बसतात. कठीण गव्हाचा बारीक रवा आणि पाणी, बस्स, अंडे नाही. पिठाची लांब वळी करायची, नखाएवढा तुकडा कापायचा, सुरीने फळीवर ओढायचा नि अंगठ्यावर उलटवायचा. झाला इवलासा कान! नावही तेच : ओरेक्किएत्ते, म्हणजे छोटे कान.

“पण कान कशासाठी?” मी एका आजींना विचारले. बरोबरची मुलगी दुभाषी झाली.

“भाजी धरायला!” इकडे सलगमाचा कोवळा पाला लसणीवर परतून या कानांत कालवतात. मग आजींनी सगळा हिशेबच सांगितला : लांब स्पागेत्तीला तेल-लसूण किंवा पातळसर टोमॅटो, रेघांच्या जाड नळ्यांना दाट रस्सा, बारीक दाणे सूपमध्ये. मी मात्र घरी आजवर सगळ्यांवर एकच सॉस ओतीत आले होते!

आणि एकदम आई आठवली. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे... लग्नघरचे वळवट तिच्या बोटांतून झरझर उतरे. “शिकून घे ग,” ती म्हणायची. “विकत मिळते की!” मी म्हणे. आता आई नाही.

“मला शिकवाल?” मी आजींना विचारले. त्यांनी सरकून जागा दिली. पहिला कान फाटला, दुसरा चपटा झाला. सातवा जरा बरा उतरला, तेव्हा आजींनी तो काही न बोलता आपल्या राशीत टाकला.