कडेगाव ते दिल्ली : दारापासून दारापर्यंत

आमच्या कडेगाव, विटा, खानापूर भागातील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी गलाईच्या व्यवसायासाठी परमुलखात गेलेला असतो. सोने-चांदी गाळणाऱ्या या भट्ट्या दिल्लीपासून केरळपर्यंत पेटलेल्या आहेत. गावी राहतो ते आपण, म्हातारी माणसे. मोहरमच्या ताबूतभेटींना आलेली मुले निघताना आग्रह करतात, “आता तुम्हीच या. पुण्याहून दिल्ली दोन तासांचे तर विमान!”

हे दोन तास खोटे नाहीत. पुणे-दिल्ली हवाई अंतर सुमारे साडेअकराशे किलोमीटर; विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचते. परंतु आपले घर लोहगावच्या विमानतळाला लागून नाही. कडेगावहून कराड, सातारा, खंबाटकी करीत पुणे गाठायला साडेचार तास, विमानतळावर अडीच तास, पुढे सामान आणि दिल्लीतील गर्दी. बेरीज अकरा तासांच्या आसपास जाते. वाचकहो, प्रकृतीचा हिशेब करताना हीच बेरीज धरावी.

माझ्या पत्नीचे वय 74. हृदय अशक्त, गुडघे दुखरे, आणि पणतूचे तोंड पाहण्याची ओढ अनावर. डॉक्टरांनी प्रथम विचारले, “एक मजला चढताना धाप लागते का?” प्रश्न साधा, पण नेमका. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्यासारखा असू शकतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून कल्पना यावी. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. हृदय वा फुप्फुसे दुबळी असतील, तर मात्र तपासणीवाचून तिकीट काढू नये.

डॉक्टरांनी अनुमती दिली, तरी मला अधिक चिंता वाटते ती मोटारीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या अहवालानुसार चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. मग वाहन विमान असो, मोटार असो वा रेल्वे. मुळात हा धोका थोडाच असतो, हेही खरे. तरीही दीड-दोन तासांनी खाली उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत.

आपल्या वयाची माणसे, विशेषतः स्त्रिया, शौचालयाच्या भीतीने पाणीच पीत नाहीत. हे मला सर्वांत घातक वाटते, कारण विमानातील हवा आधीच अतिशय कोरडी असते. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. परस्पर बंद करू नये. सर्व औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवावीत. इन्शुलिन तर खालच्या सामानात कदापि देऊ नये, तेथे ते गोठू शकते.

चाकाच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. पत्नीने प्रथम नकार दिला, “मी काय पांगळी आहे?” विमानतळावरचे चालणे गावच्या बाजारपेठेच्या दुप्पट, असे सांगितल्यावर ती राजी झाली.

आमचे तिकीट दुपारचे आहे, म्हणजे पहाटे उठण्याची घाई नाही. वाटेत चहाला कोठे थांबायचे, ते तिने ठरवले आहे. तेथील शौचालय स्वच्छ आहे की नाही, याची चौकशी माझ्याकडे आहे.