पंधरातल्या चार

आम्ही कोकण किनाऱ्यावरच्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मुलांनी रोज काहीतरी जिवंत पाहावे आणि त्यावर चार ओळी लिहाव्यात, म्हणून मागच्या जूनमध्ये सातवीच्या वर्गात दोन फुटांची काचेची टाकी आणली. टाकी काठोकाठ भरली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून मागवलेल्या पंधरा लाल चेरी कोलंब्या पिशवीतून थेट तिच्यात ओतल्या. ही मूळची तैवान-चीनकडची, गोड्या पाण्यातली जात. पूर्ण वाढली तरी इंच-सव्वा इंचाची. आमच्या मुलांना ताटातली कोलंबी चांगली ठाऊक, पण शेवाळावर बारीक पाय चालवत चरणारी कोलंबी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

दोन आठवड्यांनी मोजल्या, तर अकराच भरल्या. तीन दिवस मोजत राहिलो. कात टाकली की कोलंबीचे अंग मऊ असते, म्हणून ती दिवस-दोन दिवस झाडांत दडून बसते, हे आम्हाला माहीत होते. तरी आकडा अकराच्या पुढे गेला नाही.

मग वर्गात कुजबुज सुरू झाली. वर्गात एक मुलगा होता. वडील मच्छीमार. कोलंब्यांबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न तोच विचारायचा. घरी त्याने एका बरणीत पाणी भरून झाडेही लावली होती. पोरांनी बोट दाखवले आणि आम्ही भर वर्गात त्याला उभे करून विचारले, "तू नेल्यास का?"

"नाही सर," एवढेच म्हणून तो खाली बसला. त्या दिवसापासून त्याने प्रश्न विचारणे सोडले.

पुढच्या सोमवारी शिपाईमामांनी झाडताना कपाट सरकवले. मागे तीन कोलंब्या पडल्या होत्या, वाळून सोड्यासारख्या झालेल्या. वळून टाकीकडे पाहिले, तर हवेच्या नळीला धरून एक कोलंबी पाण्याबाहेर वर चढत होती आणि बाकीच्या साऱ्या पाण्याच्या वरच्या थराशी जमल्या होत्या. आम्ही तिला ओल्या हाताने पुन्हा पाण्यात सोडले. चौथी शेवटपर्यंत सापडली नाही. मुंग्यांनी नेली असेल, नाहीतर पालीने.

चोर सापडला होता, आणि तो आम्हीच होतो.

मग मुळापासून विचार केला. कोलंबीला उडी मारावी लागत नाही, ती चढते. नळी, वायर, पाण्याबाहेर आलेले पान, काहीही तिला शिडीसारखे चालते. आमच्या टाकीला झाकण नव्हते आणि पाणी काठाला टेकलेले होते. पण चढता येते म्हणून ती घर सोडत नाही. नव्या जागी पहिले काही दिवस ती बिचकलेली असते, तेव्हा बाहेर पडण्याचा धोका असतोच. त्यानंतरही ती निघू लागली, तर बहुतेक वेळा पाणी बिघडलेले असते.

आमचे पाणी दर शनिवारी बिघडत होते. दोन दिवसांचे खाणे आम्ही एकदम टाकत होतो. उरलेले खाणे कुजून पाण्यात अमोनिया वाढत होता. 'शाळा सुटली की सगळी बटणे बंद' हा हुकूमही आमचाच. त्यामुळे शिपाईमामा इमानाने हवेचा पंप बंद करत आणि प्राणवायूही घटत असे. शिवाय नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही एक दिवसही थांबलो नव्हतो.

रात्री घरी सगळे सांगितले. मुलांची अम्मी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "त्या पोराची माफी मागितलीत?"

आम्ही म्हणालो, "उद्या बाजूला बोलावून सांगतो."

"आळ वर्गासमोर घातलात, आणि माफी बाजूला?"

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर आम्ही वर्गासमोर त्याची माफी मागितली. तीन वाळलेल्या कोलंब्या कागदावर ठेवून मुलांना दाखवल्या आणि आमच्या चुका फळ्यावर लिहिल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. काही बोलला नाही.

मासेमारी बंदीचे दिवस होते. त्याचे वडील घरीच जाळी दुरुस्त करत बसलेले. दोन दिवसांनी त्याने जुन्या मच्छरदाणीचे झाकण आणले. लाकडी चौकट, आणि कडेने जाळे विणायच्या दोऱ्याने घातलेली घट्ट शिवण. आमच्या टेबलावर ठेवले आणि जाऊन बसला. त्या झाकणाने आम्हाला जास्तच शरम वाटली.

घरात मुलांनी हट्ट करून अशी टाकी आणली असेल, तर आमच्या चुकांवरून एवढे ध्यानात ठेवा. पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवा. वर झाकण हवेच, आणि नळी-वायर जिथून आत जाते ती फट स्पंजच्या तुकड्याने बुजवा. झाकण हवाबंद मात्र नको. फायटर मासा तर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. तो आणि गप्पीही उडी मारतात, म्हणून जाळी त्यांनाही लागते. ॲपल गोगलगाय अंडी घालायला पाण्यावर चढते, तेव्हा तिच्यासाठीही वर थोडी जागा आणि झाकण लागते.

नवी कोलंबी आणली की पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा. मग तासभर टाकीचे पाणी थेंबथेंब पिशवीत मिसळा आणि मगच तिला सोडा. पहिल्या रात्री दिवा मंद ठेवा. पाणी एकदम सगळे बदलू नका. तांबे असलेले माशांचे औषध कोलंबीला मारते. डास मारायचे फवारे आणि मशीनही त्या खोलीत नको. पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो.

जमिनीवर कोलंबी सापडली आणि अंग ओले असेल, तर लगेच पाण्यात सोडा. कल्ले ओले असेपर्यंत ती तग धरते. आणि एकीपाठोपाठ एक वर चढू लागली, तर आधी पाणी तपासा. नुसते झाकण दाबून बसू नका.

आम्ही शनिवारचे खाणे बंद केले. भुकेने एक दिवस काही होत नाही, कुजलेल्या खाण्याने होते. पंपाच्या बटणावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली. त्यानंतर एकही कोलंबी कमी झाली नाही.

तो मुलगा मात्र गप्पच होता. विचारले तर उत्तर द्यायचा, स्वतःहून काही नाही. माफी मागितली म्हणजे हिशेब मिटला, असे आम्हाला वाटले होते. तो इतक्या लवकर मिटत नसतो.

ऑगस्टच्या अखेरीस एके दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही वह्या तपासत होतो. टाकीपाशी कोणीतरी बराच वेळ वाकून उभे होते.

"सर, हिच्या पोटाखाली अंडी आहेत," तो म्हणाला. आम्ही पेन खाली ठेवले.

"पिल्ले किती बारीक असतात, सर? माझ्या जाळीतून निघून तर नाही ना जाणार?"