नाहुआल

माणसांप्रमाणे शब्दही देशांतर करतात आणि माणसांप्रमाणेच त्यांचेही दैव निरनिराळे असते. मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेचा ‘टोमॅटो’ हा शब्द स्पॅनिश भाषेच्या सोबतीने जगभर गेला व घरोघरी मानाने नांदू लागला. त्याच भाषेतील ‘नाहुआल्ली’ या शब्दाच्या वाट्याला मात्र हे सुख आले नाही. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचा ‘नाहुआल’ झाला, आणि नावाबरोबर त्याची अर्धी अब्रूही गेली.

नाहुआल म्हणजे रात्री पशूचे रूप घेणारा मनुष्य. तो कधी कुत्रा होतो, तर कधी गाढव. शेतकऱ्याने अंधारात एखाद्या अनोळखी जनावराच्या पायावर काठी हाणावी आणि सकाळी शेजारचा म्हातारा लंगडताना दिसावा, अशा कथा मेक्सिकोच्या खेड्यांतून आजही सांगितल्या जातात. त्या ऐकताना अंगावर काटा उभा राहतो.

परंतु या शब्दाचा अर्थ पूर्वी एवढाच नव्हता. १५२१ साली स्पॅनिश सैन्याने अझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या बेर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकाने तेथील वृद्धांना विचारून त्यांच्याच भाषेत बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात दोन प्रकारचे नाहुआल्ली वर्णिले आहेत. चांगला नाहुआल्ली विचारी, विश्वासू व लोकांचा रक्षक असतो. वाईट नाहुआल्ली मंत्रतंत्राने इतरांना पीडा देतो. वैद्यांत जसे जाणते असतात तसे भोंदूही असतात, तसाच हा भेद होता. मात्र अनेक धर्मोपदेशकांना या साऱ्यात सैतानाचाच हात दिसला. त्यामुळे रक्षक मागे पडला आणि चेटक्या तेवढा उरला.

तरीही त्या शब्दाचे तेज सर्वस्वी लोपले नाही. शेजारच्या ग्वाटेमालातील माया लोक जन्मदिवसाच्या रक्षक शक्तीला ‘नवाल’ म्हणतात. त्यांच्या २६० दिवसांच्या पंचांगात अशा वीस शक्ती आहेत, आणि त्यांचे स्मरण ते आदराने करतात.

साआगूनला तेथील धर्म मान्य नव्हता. तरी त्याने त्या लोकांना विचारले व त्यांनी सांगितले ते लिहून ठेवले. म्हणूनच त्या शब्दाची उजळ बाजू आज आपल्याला कळते. परक्या समाजाच्या शब्दाचा अर्थ जाणून घ्यायचा असेल, तर तो शब्द ज्यांच्या ओठी वाढला त्यांनाच प्रथम विचारावे. जेत्याने सांगितलेला अर्थ अनेकदा अर्धाच असतो.